तूच बरोबर होतास

प्रिय दोस्ता,

आठ महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. तब्येत ठीक, कंबर अधूनमधून बोलते. पण काल रात्री जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

रात्रीची ती स्क्रिप्ट. हाताने चालवली की सुरळीत. आमच्या अ‍ॅप्लिकेशनमधून चालवली की क्रिएटऑब्जेक्टच्या ओळीवर एरर ४२९, आपल्या डीएलएलमधलं (तयार कोडच्या फाइलमधलं) ऑब्जेक्ट तयारच होत नाही. डीएलएलची विंडोजमध्ये नोंद करणारं रेगएसव्हीआर३२ चार वेळा चालवलं, चारही वेळा 'सक्सीडेड'. सर्व्हिस अकाउंटच्या परवानग्या पाहिल्या, मशीन रीस्टार्ट केलं. तीन दिवस गेले.

आणि मग तुझं ते वाक्य आठवलं. "आधी प्रोसेस किती बिटची आहे ते बघ!" त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, सरांनी चहाला नेऊन समेट घडवला होता.

बघितलं. अ‍ॅप्लिकेशन ३२ बिटचं. कोडमध्ये सिस्टिम३२ फोल्डरमधल्या सीस्क्रिप्टचा, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पूर्ण पाथ होता, पण ३२ बिटच्या प्रोसेसला विंडोज परस्पर सिसवाव६४ फोल्डरमध्ये वळवतं. तिथला सीस्क्रिप्ट ३२ बिटचा, तो नोंद शोधणार रजिस्ट्रीतल्या ३२ बिटच्या कप्प्यात, वाव६४३२नोडखाली. माझी डीएलएल ६४ बिटची, नोंद पलीकडच्या बाजूला. ६४ चं सामान सिस्टिम३२ मध्ये आणि ३२ चं सिसवाव६४ मध्ये! "पाट्या उलट लावलेलं घर" म्हणायचास, तेव्हा किती हसलो होतो. ३२ बिटची डीएलएल मिळाली असती तर सिसवाव६४ मधल्या रेगएसव्हीआर३२ ने नोंदवता आली असती. ती मिळतच नाही. शेवटी पाथमध्ये सिस्टिम३२ च्या जागी सिसनेटिव्ह लिहिलं, म्हणजे ३२ बिटच्या प्रोसेसलाही खरं सिस्टिम३२ मिळतं. एक शब्द. स्क्रिप्ट चालली.

पण झोप लागली नाही. परवा सगळ्यांसमोर मी नव्या मुलाला बोललो, "तुला साधं रजिस्ट्रेशन जमत नाही?" त्याने ते अचूक केलं होतं. तो हळूच म्हणालाही, "सर, माझ्याकडे स्क्रिप्ट चालते." मी ऐकलंच नाही. तुझं तरी कुठे ऐकलं होतं? तू निदान भांडलास. तो गप्प बसला, आणि ते जास्त लागतंय.

सकाळी सगळे असतानाच त्याची माफी मागणार आहे.

तुझी बदली झाली का? काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? तेव्हा फोन करायला हवा होता. रविवारी करतो, उचल.

तुझाच