पाच तारे दिसतात, राहिलेला रिकॉल दिसत नाही: रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झालेली गाडी गॅरेजात आली की काय बदलायचे, काय ठोकून सरळ होईल आणि कुठे टोटल लॉस लिहायचा, हे ठरवणे माझे काम. सुरुवात मात्र नेहमी एकाच गोष्टीने होते. चासिस नंबरावर कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेला सतरा अक्षरांचा ठसा फाइलला लावायचा. आज त्या सतरा अक्षरांबद्दलच लिहितो आहे.

मध्यंतरी एक गाडी आली. नुकसान किरकोळ होते. पुढचा बंपर, एक हेडलाइट, बोनेटला घडी. गाडीचे मालक तिचे दुसरे मालक होते. "फाइव्ह स्टार आहे म्हणून हीच घेतली," ते मला दोनदा म्हणाले. म्हणजे गाडी आदळवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीतले पाच तारे. ठसा घेतल्यावर सवयीने मी तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा कंट्रोलर बदलण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावलेली होती, म्हणजे रिकॉल होता, आणि काम बाकी होते. कळवणारे पत्र गेले होते पहिल्या मालकाला. त्यांनी गाडी विकली, पत्ता बदलला, विषय संपला. दुसऱ्या मालकांनी मोबाइलवर आरसी उघडून मला दाखवली. विम्याची मुदत होती, पीयूसीची मुदत होती. रिकॉलचा शब्द नव्हता. आदळणे थोडे जोरात असते तर ते पाच तारे किती कामाला आले असते, हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

महोदय, तारे खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. उलट, ताऱ्यांनी काय केले ते मी गॅरेजात पाहिले आहे. 2014 साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातल्या पाच खपाऊ छोट्या गाड्या 64 किलोमीटर वेगाने आदळवल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. तोवर आपल्याकडे सुरक्षितता तपासण्याची पद्धत म्हणजे दारावर टिचकी मारून पत्रा किती जाड ते बघणे. अजूनही लोक तेच करतात. त्यांना मी सांगतो, की पुढचा भाग चुरगळायलाच हवा, तो धक्का खातो. चुरगळायला नको ती माणसे बसतात ती पेटी. बोनेटचा चुराडा झालेला असताना चारही दारे हाताने उघडतात, ती गाडी चांगली. बोनेट बरे दिसते पण पुढच्या काचेचा खांब मागे सरकलाय आणि पेडल चालकाच्या नडगीपर्यंत आलेत, तिच्यापाशी मी फार वेळ उभा राहू शकत नाही.

1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या सरकारची तारे देणारी चाचणी सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण ती ऐच्छिक आहे आणि तिचा निकाल लोकांपर्यंत पोचतो तो जाहिरातीतल्या एका आकड्याच्या रूपात. प्रत्यक्षात आकडे दोन असतात. मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण 32 पैकी, मुलांच्या सुरक्षेचे 49 पैकी. पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे 27 आणि 41 लागतात. म्हणजे 27 वर काठावर पास झालेली गाडीही पाच ताऱ्यांची आणि 32 पैकी 32 मिळवणारीही पाचच ताऱ्यांची. मागच्या सीटवर दोन लेकरे बसणार असतील तर बापाने दुसरा आकडा आधी बघायला हवा. तो होर्डिंगवर मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक घोळ तुलनेचा. समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी तिच्याच वजनाच्या जोराने अडथळ्यावर जाते. त्यामुळे हलक्या गाडीचे पाच तारे आणि जड एसयूव्हीचे पाच तारे यांची किंमत एक नाही. रस्त्यावर त्या दोघी एकमेकींवर आदळल्या तर हलकीच जास्त मार खाणार. अमेरिकेतली सरकारी संस्था एनएचटीएसए हे स्पष्ट सांगते, की समोरच्या धडकेचे तारे साधारण 113 किलोच्या फरकातल्या गाड्यांमध्येच ताडून पाहा. आपल्याकडे शोरूममध्ये हॅचबॅक आणि सात सीटर गाड्यांचे तारे एकाच दमात सांगितले जातात.

वर्षाचेही तेच. रेनो झोईला युरो एनकॅपने 2013 मध्ये पाच तारे दिले आणि 2021 मध्ये शून्य. गाडीचे नाव तेच. मधल्या काळात कसोटी कडक झाली होती, आणि डोके व छाती दोन्ही वाचवणाऱ्या बाजूच्या एअरबॅगच्या जागी कंपनीने फक्त छातीपुरती एअरबॅग बसवली होती. म्हणून 'फाइव्ह स्टार' ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या सालचे आणि कुठल्या नियमाने?

कंपन्या परीक्षेपुरता अभ्यास करतात हेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2012 मध्ये गाडीच्या पुढच्या रुंदीचा फक्त चौथा हिस्सा आदळवणारी अवघड चाचणी आणली, चालकाच्या बाजूने. गाड्या सुधारल्या. मग 2016 मध्ये तिथे चांगल्या ठरलेल्या सात छोट्या एसयूव्ही चालकाशेजारच्या सीटच्या बाजूने तशाच आदळवल्या, तेव्हा त्यातली एकच 'चांगली' निघाली. शेजारी बसणारा माणूस प्रश्नपत्रिकेत नव्हता!

पण हे सगळे झाले नव्या गाडीबद्दल. प्रयोगशाळेत आदळते ती कोरी करकरीत गाडी. तिच्या किल्लीला घराच्या, दुकानाच्या चाव्यांचा जुडगा लटकत नसतो. जनरल मोटर्सने 2014 मध्ये जगभरातून सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच कारणाने. चावीचा स्विच इतका सैल होता, की जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा गुडघा लागून तो चालत्या गाडीत फिरायचा, इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅग उघडायचीच नाही. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू 124. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग तर नव्या असताना व्यवस्थित उघडायच्या. त्यातले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्ण आणि दमट हवेत राहून बिघडायचे आणि मग धडकेच्या वेळी इन्फ्लेटरचे, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीचे, धातूचे कवचच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. एकट्या अमेरिकेत सुमारे 6.7 कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले. कुठलीही क्रॅश टेस्ट हा दोष पकडू शकली नसती, कारण तो वयाचा दोष होता.

आणि इथेच मला आपला नियम खटकतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 ए आले, सरकारला गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मिळाला, 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडही ठरला. त्याआधी 2012 पासून सगळे वाहन उद्योगाच्या स्वेच्छेवर चालले होते, तेव्हा ही मोठीच मजल. मात्र नियम आहे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. जुन्या गाड्या सांभाळून वापरणारे आपण लोक, आणि दोष पिकायला वेळ घेणारा. सात वर्षांची ही अट काढा किंवा निदान एअरबॅग, ब्रेक, स्टीअरिंग आणि इंधन यंत्रणेपुरती तरी काढा.

माझी मुख्य मागणी त्याहून साधी आहे. चासिस नंबर टाकला की एकाच पानावर त्या गाडीचे सगळे दिसू द्या. मॉडेलची चाचणी झाली असेल तर वर्ष, नियम, दोन्ही गुण आणि चाचणीतल्या गाडीचे वजन. झाली नसेल तर 'चाचणी नाही' असे सरळ. त्याखाली या विशिष्ट गाडीचे रिकॉल, कशासाठी, काम झाले की बाकी. 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत विमा आणि पीयूसी दिसते, तिथेच. अमेरिकेत सतरा अक्षरे टाकून बाकी रिकॉल फुकट पाहण्याची सोय 2014 पासून आहे. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना बाकी रिकॉलची सूचना नव्या मालकाच्या मोबाइलवर गेलीच पाहिजे. हस्तांतर अडवा असे मी म्हणत नाही, अडवले की त्याचाही दर ठरतो हे आपण जाणता.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. किती रिकॉल झाले याची नुसती बेरीज छापू नका. जी कंपनी दोष सापडताच कबूल करते तिची यादी लांब होते आणि जी दाबून ठेवते ती कागदावर साधू दिसते. चुकीच्या छापलेल्या स्टिकरचा रिकॉल आणि निखळणाऱ्या स्टीअरिंगचा रिकॉल एकाच रांगेत उभे करू नका. दोष कधी कळला, गाड्या कधी बोलावल्या आणि त्यातल्या किती खरोखर दुरुस्त झाल्या, हे तीन आकडे द्या. कुठली कंपनी भरवशाची ते लोक त्यावरून बरोबर ओळखतील.

कळावे,
आपला,
एक विमा सर्व्हेअर

ता. क. पत्र लिहिता लिहिता माझ्या स्वतःच्या गाडीचा नंबरही टाकून पाहिला. इंधन पंपाचे काम बाकी निघाले. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचे ठसे घेतो, स्वतःच्या गाडीचे कधी सुचले नव्हते. मंगळवारी गाडी कामाला टाकतो आहे.