जुनी कानडी कशाला शिकूलीस, असं विचारलंत म्हणून

धारवाड
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि आई मध्ये पडून माझं निम्मं भलतंच सांगते. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसल्या तर तांबड्या शाईनं खुणा करून ठेवा, आले की बघीन. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा पेन खिशातच असणार.

तुमचे प्रश्न दोन. बेळगावच्या उद्यमबागेतली हिशेबाची चांगली नोकरी सोडून पस्तिशीत एम.ए.ला बसलीस, त्यानं पोट भरणार का, हा एक. दुसरा तुम्ही मला विचारलाच नाहीत. कट्ट्यावर बोललात आणि तो आईकडून माझ्यापर्यंत आला: आम्ही जन्मभर मराठी शाळेसाठी भांडलो, आणि पोरगी धारवाडात जाऊन जुनी कानडी शिकूलीय. पोटाचं उत्तर थोडक्यात आहे, ते शेवटी. आधी हा दुसरा.

विषयाचं नाव भारदस्त आहे: मध्ययुगीन इतिहास, कला, भाषा, संस्कृती. काम मात्र बारकाव्याचं. दगड घ्यायचा आणि कुणी, कधी, कुणाला, काय दिलं ते वाचायचं. बहुतेक शिलालेख राजाच्या पराक्रमाचे असतील असं मला आधी वाटायचं. पराक्रम असतो, पण तो प्रस्तावनेत. खरा मजकूर दानाचा. अमक्या देवाच्या नंदादीपाला एवढी जमीन, तिच्या चार बाजूंच्या हद्दी अशा, एवढं तेल, अमुक मालावरचा एवढा कर. आणि शेवटी शाप: जो हे दान हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील. आपल्या बांधाची मोजणी रखडली तेव्हा तुम्ही जे पुटपुटायचात ते याच परंपरेतलं, एवढं आता खात्रीनं सांगते.

आई, तू यल्लम्माला जातेस त्या सौंदत्तीचं जुनं नाव सुगंधवर्ती. रट्ट राजांची राजधानी तिथं होती. पुढं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ती बेळगावात आणली, त्या वेळच्या वेणुग्रामात. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती त्याच काळातली, १२०४ च्या सुमाराची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधवली. जैनांच्या नेमिनाथाचं देऊळ आहे. तू आत गेलीस तर मूर्तीच्या आधी वर बघ. छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय, त्याला ७२ पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर. या देवळाला दिलेल्या दानाची हकीकत सांगणारे शिलालेख मात्र लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आम्ही त्यांचं वाचन छापील ग्रंथातून करतो. देऊळ इथं, त्याचा कागद तिथं. जाऊ दे, त्यावर बोलायला लागले तर पत्र पुरणार नाही.

त्याच किल्ल्यात साफा मशीद आहे. आदिलशाहीचा सरदार असदखान लारी यानं १५१९ मध्ये बांधलेली. तिथल्या खांबांपैकी दोन जुन्या देवळांचे आहेत आणि त्यांवर लेख आहेत. एक रट्टांच्या काळातला, दुसरा देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. आता बाबा, नीट वाचा: भाषा कन्नड, लिपी नागरी. राजा देवगिरीचा, ज्या घराण्याच्या अमलात ज्ञानेश्वरी लिहिली गेली. आणि खांब उभा आहे मशिदीत. हा एक खांब समजून घ्यायचा तर मराठी येऊन भागत नाही, आणि कन्नड येऊनही भागत नाही. संस्कृत लागतं, थोडं फारसी लागतं. मी जुनी कन्नड शिकते ती एवढ्यासाठी. यादवांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. ते दुसऱ्या कुणीतरी वाचावेत आणि आपण त्याचं भाषांतर वाचून यादव आमचे म्हणावं, हे मला पटत नाही.

तुम्ही फळ्यावर पहिला धडा म्हणून एक वाक्य लिहायचात: ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. मराठीतलं पहिलं वाक्य, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं. त्याच्या पहिलेपणावर आता बराच वाद आहे. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा लेख, शके ९३४ चा म्हणजे १०१२ चा, पुष्कळ अभ्यासक जुना मानतात, कारण बेळगोळची ती ओळ मूर्तीनंतर शंभरेक वर्षांनी कोरली असावी असं त्यांचं म्हणणं. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच पायाशी चावुंडरायानं मूर्ती करवली ही गोष्ट कन्नडमध्येही कोरलेली आहे आणि तमिळमध्येही. येणारा यात्रेकरू ज्या भाषेचा असेल त्या भाषेत. तुम्ही फळ्यावर फक्त आपली ओळ लिहिलीत, आणि इथल्या शाळांत फक्त त्यांची ओळ लिहितात. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत म्हटलाय. ते वाक्य इथं भाषणात हमखास येतं, आणि टाळ्या घेऊन जातं. हजार वर्षांपूर्वीचा दगड नाहीतर पोथी पुढं करून आजच्या तालुक्यावर हक्क सांगणारे दोन्हीकडे आहेत. दोघंही अर्धंच वाचतात.

याचा अर्थ तुमचं भांडण खोटं होतं असा लावू नका. १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात तुम्ही गेलात. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिवशी, तुम्ही अजून काळी फीत लावता. सात-बाराचा उतारा, शाळा, कचेरीतला अर्ज आपल्या भाषेत मिळावा, हा आजच्या माणसाचा प्रश्न आहे आणि मी त्यात तुमच्याच बाजूची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि खानापूर इकडं म्हैसूर राज्यात आलं, त्यात जुन्या कदंब राजघराण्यातल्या कुणाचा हात नव्हता. म्हणून कदंबांना त्यात ओढू नये, एवढंच.

कदंबांवरून आठवलं. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळातला लेख आम्ही या सत्रात अभ्यासाला घेतलाय. लहानपणापासून जत्रेला गेलो, प्रदक्षिणा घातल्या, पण त्या दगडाकडं कोण बघतंय! त्यातलं साल कलियुगाचं आहे, ४२७०. त्यातून ३१०१ वजा केले की ११६९ येतात. गोव्याच्या कदंबांचा शिवचित्त पेर्माडी तेव्हा राज्य करत होता. याच राजाची राणी कमलादेवी, तिच्यासाठी देगावचं कमलनारायणाचं देऊळ बांधलं. शिवचित्ताच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह आहे, आणि नागरी अक्षरांत सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळालेला राजा अशी बिरुदावली. सप्तकोटीश्वर म्हणजे कदंबांचं कुलदैवत. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं. पुढं नार्व्याला १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार कुणी करवला? शिवाजी महाराजांनी. हलशीचा राजा आणि आपले महाराज एकाच देवापुढं हात जोडून उभे आहेत. हे मला पुण्याच्या पुस्तकात नाही, धारवाडच्या वर्गात कळलं, आणि शिकवणाऱ्या सरांचं मराठी माझ्या कन्नडइतकंच मोडकं आहे.

इथून जवळ यादवाड म्हणून गाव आहे. तिथं मारुतीच्या देवळाशी एक शिल्प आहे, शिवाजी महाराजांचं म्हणून ओळखतात ते. बेळवडीच्या मल्लम्मानं करवलं असं सांगतात. बेळवडी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, बैलहोंगलकडची. १६७८ मध्ये दक्षिणेतून परतताना मराठ्यांच्या फौजेनं तिथल्या गढीला वेढा घातला आणि एका बाईनं ती नेटानं लढवली. आम्ही ते शिल्प बघायला गेलो तेव्हा गावातल्या आजीबाईंनी कन्नडमधून महाराजांची गोष्ट सांगितली, ती ऐकताना तुमची फार आठवण झाली. तुम्ही सांगता त्याहून तिनं ती जास्त रंगवली. रागावू नका.

शिलालेखाचा कागदावर ठसा कसा घेतात ते सांगते, तुम्हाला आवडेल. आधी दगड पाण्यानं आणि ब्रशनं धुवायचा. शेवाळ, तेल, शेंदूर सगळं काढायचं, पण तारेचा ब्रश लावायचा नाही, अक्षर खरवडतं. मग ओला कागद त्यावर पसरायचा आणि जाड केसांच्या ब्रशनं ठोकत जायचं, म्हणजे कागद अक्षराच्या खोबणीत बसतो. कागद जरा सुकत आला की शाईची गादी हलक्या हातानं फिरवायची. वरचा भाग काळा होतो, अक्षर पांढरं राहतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी बोटं सुजली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी मात्रा कागदावर दिसते, तेव्हा वर्गातली वीस-बावीस वर्षांची पोरं माझ्यापेक्षा जास्त ओरडतात. ती मला ‘अक्का’ म्हणतात आणि बिलं, हिशेब माझ्याकडूनच करून घेतात.

आणखी एक शिकते आहे, ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल: मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबवत न्यायची. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळं तुमची तांबडी शाई तिथं वाया जाईल. आदिलशाहीत, पहिल्या इब्राहिमच्या वेळी, हिशेबाचं दफ्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणलं आणि इथल्या ब्राह्मण कारकुनांकडे सोपवलं. फिरिश्ता या फारसी इतिहासकारानं ते लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या जुन्या कागदांत साल मात्र पुढंही अरबी आकड्यांनी येत राहिलं. ‘सबा अलफ’ म्हणजे एक हजार सात. हा शुहूर सन, त्यात ५९९ मिळवले की १६०६, आणि वर्षाचा उत्तरार्ध असेल तर १६०७. ताळेबंद जुळवण्यात इतकी वर्षं घालवलेल्या बाईला हे फार जड नाही.

आता पोटाचं. हमी कुणीच देत नाही, मीही देत नाही. नेटची परीक्षा पास झाले तर कॉलेजात शिकवता येईल. पुरातत्त्व खात्याची शिलालेखांची शाखा म्हैसूरला आहे, तिथं जागा निघतात, थोड्या. दप्तरखान्यांत मोडी वाचणारे लागतात, आणि मोडीबरोबर कन्नड येणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जमिनीच्या दाव्यांसाठी मोडी कागद वाचून द्या म्हणून लोक आत्ताच विचारायला लागलेत. साठवलेले पैसे पुढच्या वर्षापर्यंत पुरतात. तोवर जमलं नाही तर उद्यमबागेत हिशेबाला माणूस नेहमीच लागतो. तुमच्याकडे मागणार नाही, आणि आईनं डाळीच्या डब्यातून काढून पाठवायची गरज नाही.

मागणं आहे ते वेगळं. पणजोबांची लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे. तिच्यातले कागद उन्हात घालू नका, सुटे करायला जाऊ नका, आणि दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका. वाळवी लागली असेल तर फक्त ट्रंक जमिनीपासून उचलून विटांवर ठेवा. बाकी मी बघते.

दुसरं, विहिरीजवळ आडवा पडलेला तो दगड, ज्यावर सगळ्यांची धुणी पडतात. तो वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. मी फोटो इथं दाखवला. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालची चौकट घासून जवळजवळ गेली आहे. आई, बायकांना तू सांगितलंस तर ऐकतील. उभा करून कडेला ठेवला तरी पुरे. शेंदूर फासून देव करू नका म्हणजे झालं, नाहीतर आमचं काम वाढतं. धुण्याला दुसरा दगड मी माझ्या पैशानं टाकून देते.

शनिवारी लोंढ्यावरून येणाऱ्या गाडीनं खानापूरला उतरते. स्टेशनवर यायचा हट्ट नको बाबा, गुडघे सांभाळा, मी रिक्षानं येईन. मोडीचं एक पान आणते, तुम्ही वाचायचा प्रयत्न करा. पेढे आणतेच. आईला म्हणावं, कुंद्याचा मागचा डबा अजून संपलेला नाही, नवा करायला बसू नको.

तुमची,
सुमी