बारव वाचवणाऱ्या गवंडी काकांना, सगळ्यांसमोर

काका, नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू द्या, आधी ती पहार तिथनं हलवा" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. दुसरं कारण म्हणजे आता महाराष्ट्रात गावोगावी बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, साफ करणारे ग्रुप झालेत, पोरं सुट्टीच्या दिवशी घमेली फावडी घेऊन उतरतात, खूपच भारी गोष्ट आहे, पण तुमच्यासारखं कोणी शेजारी उभं नसेल तर त्या उत्साहात नुकसान किती होऊ शकतं हे त्यांनाही कळायला हवं.

सगळ्यात आधी थँक्यू त्या सिमेंटसाठी. म्हणजे सिमेंट न लावू दिल्यासाठी! ठेकेदाराचा माणूस येऊन गेला होता, बारवेच्या सगळ्या दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटनं भरून घेऊ, वरून पांढरा रंग मारू, झकास दिसेल, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना ते पटलंही होतं, कारण आपल्याकडे जुनी वास्तू नीट केली म्हणजे ती नवी दिसायला लागली असा सरळ हिशोब आहे. तुम्ही काही वाद घातला नाही, पायऱ्या उतरून गेलात आणि पाण्याच्या जरा वरच्या थरातल्या दोन दगडांच्या फटीला हात लावायला सांगितलात. फट ओली होती आणि थेंब थेंब पाणी येत होतं. "हा झरा आहे, बुजवला की तुमची बारव म्हणजे नुसती टाकी."

एवढंच बोललात. खालचं बांधकाम कोरड्या सांध्याचं आहे, घडीव दगडावर घडीव दगड, मध्ये काही नाही, कारण पाणी त्या फटींतूनच आत यायचं असतं. फटी बंद केल्या की पाणी मागे मातीत तुंबतं आणि भिंतीला आतून ढकलत राहतं, मग एखाद्या पावसाळ्यात पोट सुटून भिंत ढासळते आणि लोक म्हणतात जुनं होतं, पडलं. वरच्या कमानीला आणि विटांच्या भागाला मात्र चुनाच हवा, तोही कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, अजून पाणी न लागलेला) भिजवून, मुरवून घेतलेला, हे तुम्ही बजावलंत. चुना जरा नरम राहतो, ओल बाहेर जाऊ देतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगडासारखा घट्ट होतो. सिमेंट कडक असतं आणि ओल आतच अडकवतं, मग ती विटेतून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि विटेचे पापुद्रे पडायला लागतात. म्हणजे दर्जा शाबूत आणि वीट गेली.

ॲसिडचंही तेच. काळे पडलेले दगड चकाचक करायला कोणीतरी कॅन आणायचं म्हणत होतं. चुन्यावर ॲसिड टाकलं की फसफसून तो विरघळतो, आणि खाली पाण्यात मासे, कासवं. वायर ब्रशनं घासलं असतं तर कमानीशेजारच्या त्या शिलालेखाची जी दोन ओळी अक्षरं अजून वाचता येतात तीही गेली असती. तुम्ही नारळाची किशी आणि साधं पाणी दिलंत आणि म्हणालात काळा राहिला तर राहू द्या, दगडच आहे, नवरदेव नाही. (हे वाक्य आता आमच्या ग्रुपचं स्टेटस झालंय, तुम्हाला माहीत नसेल.)

पण मला खरं जे लिहायचंय ते कचऱ्याबद्दल. आमचं सगळ्यांचं डोकं एकाच दिशेनं चालतं, कचरा दिसला की उचला, पोती भरा, फोटो काढा, घरी जा. आणि पुढच्या पावसानंतर परत तेवढाच. तुम्ही पोती नेऊच दिली नाहीत, भरलेलं पोतं वरच्या ओट्यावर उपडं करायला लावलंत आणि वेगवेगळे ढीग करायला सांगितलेत. नाकाला रुमाल बांधून आम्ही मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणत होतो ते इथे नको. पण ढीग झाल्यावर चित्र एकदम स्पष्ट. प्लास्टिकच्या बाटल्या फार कमी, कारण बाटलीला भंगारात पैसे मिळतात, कोणी ना कोणी उचलतंच. खच होता तो गुटख्याच्या पुड्या, वेफर्स-बिस्किटांचे रॅपर, शाम्पूचे सॅशे यांचा, ज्यांना भंगारवाला हात लावत नाही कारण त्यात प्लास्टिक आणि चकाकणारा पत्रा असे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे करून वितळवणं परवडत नाही. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, 1 जुलै 2022 पासून केंद्राचीही सिंगल-यूज वस्तूंवर बंदी आली, स्ट्रॉ गेले, थर्माकोलच्या प्लेटा कमी झाल्या, पण वेफर्सचे रॅपर आणि सॅशे त्या बंदीत नीट सापडले नाहीत, गुटख्याची प्लास्टिक पुडी तर कागदावर बंदच आहे, आणि बारवेत नेमकं हेच.

त्यातही पुड्यांवर सगळ्या बाजूंनी सारखा चिखल बसलेला, म्हणजे कोणी काठावर उभं राहून टाकलेल्या नव्हेत, रस्त्याकडच्या गटारातून वाहत आलेल्या. तुम्ही तिथून उठून गटाराच्या उताराबरोबर चालत गेलात आणि रस्ता उंच केल्यावर पाणी वळून बारवेकडे कुठून येतं ती जागा काढून दाखवलीत. तिथे छोटा बांध घालून पाणी वळवलं आणि अलीकडे जाळी बसवली. जाळी साफ करायला एक माणूस आणि थोडा वेळ लागतो, बारव साफ करायला अख्खा गाव लागायचा. आम्ही वर्षानुवर्षं नळ चालू ठेवून फरशी पुसत होतो, दुसरं काय.

दुसरा ढीग देवांच्या फोटोंचा, काचेसकट, आणि हारांचा. झेंडूची फुलं कुजतात पण त्यातला नायलॉनचा दोरा राहतो, तोच कासवाच्या पायात अडकलेला आपण बघितला. फुलं ढिगानं कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि वास सुटला की लोक म्हणतात इथे घाणच आहे, टाका अजून. यावर मला चिडचिड होते, तुम्हाला झाली नाही. तुम्ही निर्माल्यासाठी वर कट्ट्याजवळ एक खड्डा करून दिलात आणि आजींना सांगितलंत की देव पाण्यातच जातो असं नाही, मातीतही जातो. पाटी लावून जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

बाकीच्याही बारीक गोष्टी लिहून ठेवतो, दुसऱ्यांना उपयोगी पडतील. मोटर लावून एका दमात सगळं पाणी उपसायचं नाही, भिंतीमागची माती पाण्यानं फुगलेली असते, समोरचा पाण्याचा आधार अचानक गेला की भिंत आत येते. पिंपळ ओढून उपटायचा नाही, मुळाबरोबर दगड येतो. गोळा केलेला पाला पायऱ्यांवर पेटवायचा नाही, तापलेला दगड तडकतो, आणि त्यात प्लास्टिक असलं तर तो धूर आपणच ओढतो. गाळ चाळल्याशिवाय टाकायचा नाही, आणि काही जुनं सापडलं तर खिशात न घालता कळवायचं, 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून चालू आहे आणि त्यात 10 रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तरी कळवावं लागतं!

गाळावरून आठवलं. तुम्ही म्हणाला होतात गाळ काही दुश्मन नसतो, तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. नंतर वाचलं की गुजरातेत पाटणची राणी की वाव (वाव म्हणजे तिकडची बारव) सरस्वती नदीच्या पुरात गाळानं भरून गेली आणि शेकडो वर्षं तशीच गाडलेली राहिली, म्हणून तर तिच्यावरची शिल्पं एवढी टिकली, 2014 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली आणि आज 100 च्या नोटेवर आहे. आमच्या रॅपरांखाली असं काही टिकणार नाही.

2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले, वाटायलाच हवेत. पण बारवेला ना इतिहासाच्या पुस्तकात धडा, ना ट्रेकर. नळ आले, पाण्याला जायची गरज संपली आणि ज्या जागेवर रोज कोणाचं काम नाही तिची कचराकुंडी व्हायला वेळ लागत नाही. राज्यघटनेच्या 51 क मध्ये वारसा जपणं आणि नद्या-तलाव सांभाळणं ही दोन्ही कर्तव्यं एकाखाली एक लिहिलीत, मला वाटतं लिहिणारे आपल्याला नीट ओळखून होते.

तर काका, मनापासून थँक्यू. तुम्ही मजुरी घेतली नाहीत, त्यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. आता पावसाळा संपला की वरच्या कमानीच्या दर्जा भरायच्यात, चुना तुमच्या हाताखालीच भिजवायचा असं पोरांनी ठरवलंय, चष्मे आणि हातमोजे आणलेत कारण कळी भिजवताना किती उकळते ते तुम्ही सांगितलं होतंत. गुडघा दुखत असेल तर खाली उतरू नका, वर कट्ट्यावर खुर्ची टाकतो, तिथून ओरडा. येण्याआधी फक्त एक फोन करा, गाडी घेऊन येतो.