मैदान नूतनीकरण मीटिंग, रविवारी सकाळी १० वाजता, सगळ्यांनी या

मंडळी, मागच्या मीटिंगला अकराच जण होते, म्हणून परत लिहितोय. क्लबचं मैदान नि पॅव्हेलियन नव्याने बांधायचं ठरतंय, पण ते फक्त आपल्या फुटबॉलवाल्यांसाठी नको, वाडीला वर्षभर वापरता आलं पाहिजे.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात आपले पत्रे उडून समोरच्या माडाला लटकले होते आणि लोक रात्री कुठे जायचं म्हणून फिरत होते, ते आठवा. म्हणून चेंजिंग रूम जांभ्या चिऱ्याची, वर स्लॅब, संडास-बाथरूम बाहेरून उघडणारे, म्हणजे वादळात आसरा नि एरवी सकाळी चालायला येणाऱ्या बायकांचीपण सोय.

दुसरं पाणी. १०० चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर, आणि आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमीच्या वर पडतो, हिशोब तुम्हीच करा! तरी मे महिन्यात आपण टँकर मागवतो. टाकी हवीच.

टर्फचा आग्रह पोरं धरतायत, मला विचाराल तर नको, उन्हात तापतं आणि मग तासाचं भाडं लावावं लागतं, वाडीतली पोरं बाहेरच राहतील. त्यापेक्षा चर खणून खडी-पाइप टाकू, गोलपोस्टसमोरचं तळं तरी जाईल.

मुंबईकरांनी व्हिडिओ कॉलवर या. येताना जुने फोटो आणा, कुंपण आधी कुठपर्यंत होतं ते बघायचंय. चहा आहे, भजी काकू करतायत.