सेम्बेनवरचा लेख आणि त्यातून गळालेली मनीऑर्डर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत उस्मान सेम्बेनवर अर्धं पान बघून आधी आनंदच झाला, कारण सेनेगलच्या एका डायरेक्टरवर मराठी पेपरात अर्धं पान ही काही रोजची गोष्ट नाही. पण वाचून झाल्यावर चुटपुट लागून राहिली ती दोन दिवस गेली नाही, म्हणून शेवटी लिहायला बसलो. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, पण त्याच्या 'मंदाबी' या सिनेमातल्या मनीऑर्डरचा भाग ठेवा एवढी विनंती.

लेखात 'आफ्रिकन सिनेमाचे जनक' हे शब्द चार वेळा आलेत (मोजले), व्हेनिस, कान या चित्रपट महोत्सवांची सगळी बक्षिसं ओळीने आलीत, आणि मध्येच 'फ्रान्समध्ये सिनेमाचे धडे गिरवले' असंही ठोकून दिलंय. अहो, फ्रान्समध्ये तो सिनेमा नाही शिकला. तिथे त्याने आधी सिट्रोएनच्या मोटार कारखान्यात काम केलं आणि मग मार्सेयच्या गोदीत जहाजांवरचा माल उतरवला. सिनेमा शिकला तो मॉस्कोत, १९६२ साली, गॉर्की स्टुडिओत सोव्हिएत दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉयच्या हाताखाली, आणि तेव्हा वय होतं एकोणचाळीसच्या आसपास. ज्या वयात लोक म्हणतात आता काय नवीन शिकायचं त्या वयात. ही नुसती तपशिलाची चूक असती तर मी पेन उचललं नसतं, पण तो चाळिशीच्या तोंडावर कॅमेऱ्याकडे का वळला हे सांगितल्याशिवाय या माणसाबद्दल काहीच सांगितल्यासारखं होत नाही, आणि लेखात नेमकं तेच नाहीये.

जन्म १९२३चा, दक्षिण सेनेगलमधल्या कासामान्स भागात, झिगिंशोर गावी, बाप मासेमारी करणारा. शाळा लवकर सुटली, हेडमास्तरशी हातघाईवर आल्यामुळे हाकलला गेला असं सांगतात. मग आजची राजधानी डाकारमध्ये गवंडीकाम, मेकॅनिकगिरी, मिळेल ते. १९४४ मध्ये फ्रेंच सैन्यात भरती. परत आला तर डाकार-नायजर रेल्वेचा १९४७-४८चा मोठा संप, आणि त्याच सुमारास हा फ्रान्सला पोचला. गोदीत काम करताना १९५१ साली पाठीच्या कण्याला जबर मार बसला. ओझी उचलणं बंद झालं आणि कामगार युनियनच्या लायब्ररीत वाचन सुरू झालं. १९५६ मध्ये पहिली कादंबरी आली, तीही गोदी कामगारावरच, आणि १९६० मध्ये त्या रेल्वे संपावरची कादंबरी, जी आजही त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक मानतात. म्हणजे माणूस नावारूपाला आलेला लेखक होता. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं.

पण ही सगळी पुस्तकं फ्रेंचमध्ये. सेनेगल १९६० ला स्वतंत्र झाला, हा परत आला, गावोगाव फिरला आणि त्याच्या लक्षात आलं की ज्यांच्यावर आपण लिहितोय त्यांना आपलं एक पान वाचता येत नाही. फ्रेंच वाचणारे मूठभर, बाकीच्यांच्या भाषा वोलोफ, दिओला, सेरेर, पुलार. आता यावर दुसरा एखादा लेखक हळहळला असता, मुलाखतीत चार वाक्यं बोलला असता आणि पुढच्या कादंबरीला लागला असता. हा मॉस्कोला गेला. सिनेमाला तो रात्रशाळा म्हणायचा. आपले जनक आणि पितामह बाजूला ठेवा, हा एकच शब्द लेखात आला असता तरी मला पुरला असता.

हेही लक्षात घ्या की फ्रेंच वसाहतींमध्ये १९३४च्या एका हुकुमाने परवानगीशिवाय शूटिंग करायलाच बंदी होती, त्यामुळे आफ्रिकन माणसाने आपल्या गावात कॅमेरा लावायचा ही कल्पनाच नवीन होती. १९६३ मध्ये त्याने 'बोरोम सारे' केला, वीसेक मिनिटांचा, डाकारमधला एक गरीब घोडागाडीवाला आणि त्याचा एक दिवस. गाडीवाला एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकाला घेऊन पूर्वीच्या गोऱ्या वस्तीत जातो, जिथे घोडागाडीला बंदी असते. पोलीस अडवतो. कागद काढताना गाडीवाल्याचं युद्धातलं मेडल खाली पडतं, तो उचलायला हात घालतो तर पोलिसाचा बूट त्या मेडलवर. गिऱ्हाईक कधीच सटकलेलं. पोलीस पण काळाच, सरकार पण आता आपलंच, बूट मात्र तोच. एवढंच दाखवतो आणि पुढे जातो.

तरी एक गोची राहिलीच. हा गाडीवाला मनातल्या मनात बोलतो ते फ्रेंचमध्ये. १९६६च्या 'ला न्वार द' मधली दियुआना, जी डाकारहून मालकिणीसोबत फ्रान्सच्या आंतिबला जाते आणि तिथे चार भिंतीत कोंडली जाते, ती मालकांसमोर 'हो मॅडम'च्या पुढे फारसं बोलत नाही पण मनात मात्र अस्खलित फ्रेंच, आणि तो आवाजही एका हैतीच्या अभिनेत्रीचा. सिनेमा जबरदस्तच आहे, त्यातल्या मुखवट्यावर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण ज्यांच्यासाठी रात्रशाळा काढली त्यांना अजून मास्तरांची भाषा कळत नव्हतीच. माझ्या मते सेम्बेनला हे नक्की टोचत असणार, कारण पुढच्याच पिक्चरमध्ये त्याने तो हिशेब पुरा केला.

तर आता मनीऑर्डर. 'मंदाबी' म्हणजे मनीऑर्डरच, साल १९६८, अख्खा वोलोफमध्ये. (पैसे फ्रान्सकडून आले होते म्हणून एक फ्रेंच व्हर्जनही शूट करावं लागलं, पण खरा सिनेमा वोलोफवालाच.) इब्राहिमा दियेंग नावाचा एक मध्यमवयीन गृहस्थ, दोन बायका, ढीगभर पोरं, कामधंदा काही नाही पण रुबाब पूर्ण. सुरुवातीलाच झाडाखाली न्हावी त्याची हजामत करतोय, वस्तरा चक्क नाकपुडीत घालून, आणि हा डोळे मिटून राजासारखा बसलाय. त्याचा पुतण्या पॅरिसमध्ये रस्ते झाडतो, तिथून तो मनीऑर्डर पाठवतो २५,००० फ्रँकची. त्यातले २०,००० पुतण्यासाठी जपून ठेवायचे, ३,००० पुतण्याच्या आईला आणि २,००० याचे. पैसे अजून पोस्टातच, पण वस्तीत बातमी पसरते, बायका उधारीवर तांदूळ आणतात, उसने मागणाऱ्यांची रांग लागते.

पोस्टात गेला तर म्हणे ओळखपत्र दाखव. ओळखपत्राच्या ऑफिसात गेला तर जन्माचा दाखला, फोटो आणि स्टॅम्प आण. दाखल्याच्या ऑफिसात गेला तर जन्मतारीख सांग. याला ठाऊक काय, तर १९००च्या आसपास कधीतरी. कारकून म्हणतो महिना कुठला, आणि मागची लाइन ओरडायला लागते. फोटोवाला पैसे घेतो, फोटो देत नाही, वर मार पडून नाक फुटतं ते वेगळंच. आणि शेवटी सुटाबुटातला एक ओळखीचा साहेब गोड बोलून मुखत्यारपत्रावर सही घेतो, मनीऑर्डर वटवतो, पैसे स्वतः खातो आणि याच्या हातात तांदळाचं पोतं टेकवतो.

मी आयुष्यभर एका सरकारी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. कुठल्या ते राहू द्या. 'फोटो आणा', 'दाखला आणा', 'उद्या या' हे मी किती लोकांना म्हटलं असेन त्याची गणती नाही, आणि नियमाप्रमाणे माझं काही चुकत पण नव्हतं. हा सिनेमा बघताना पहिला अर्धा तास मी इब्राहिमाला हसत होतो, नंतर एकदम लक्षात आलं की पडद्यावर जो कारकून वर न बघता बोलतोय तो मी आहे. त्या कारकुनाला सेम्बेनने व्हिलन केलेलं नाही हे विशेष. तो फक्त फ्रेंच कागदाच्या पलीकडे बसलाय आणि इब्राहिमा अलीकडे. सगळी भानगड त्या कागदाच्या भाषेची आहे, आणि ती भानगड वोलोफ बोलणारा प्रेक्षक पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत बघत होता. याला व्हेनिसमध्ये ज्युरीचं खास बक्षीस मिळालं एवढंच तुमच्या लेखात आहे. बक्षीस मिळालं हे खरंच आहे हो.

भाषेचं वेड त्याचं सिनेमापुरतं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाथे दियान्य या भाषातज्ज्ञाबरोबर त्याने 'काद्दू' नावाचं वोलोफ नियतकालिक काढलं. आणि याच नादातून पुढे सरकारशी जो खटका उडाला तो ऐकण्यासारखा आहे. त्याआधी 'खाला' या सिनेमाला सेन्सॉरने कात्री लावलीच होती. त्यात एक बडा बिझनेसमन तिसऱ्या लग्नाच्या रात्री नामर्द होतो आणि त्याची मर्सिडीज परदेशी बाटलीबंद पाण्याने धुतात, म्हणजे कोणाची टोपी कोणाच्या डोक्यावर बसतेय हे सगळ्यांना कळत होतं. सेम्बेनने काय केलं, तर कुठले सीन कापलेत त्याची पत्रकं छापून वाटली. पण 'चेड्डो' या पुढच्या सिनेमाच्या वेळी कात्रीही नाही, सरळ बंदी.

गोष्ट जुन्या काळची, इमाम हळूहळू राजदरबार ताब्यात घेतो, धर्म बदलायची सक्ती होते, आणि न वाकणारे सामान्य लोक म्हणजे चेड्डो. शेवटी राजकन्याच इमामाला गोळी घालते. गावात गुलामांचा गोरा व्यापारी आहे, ख्रिस्ती पाद्री पण आहे, कोणालाच सोडलेलं नाही. बहुसंख्य मुस्लिम देशात हा सिनेमा झोंबणार हे उघड होतं, पण राष्ट्राध्यक्ष सेंघोर, जे स्वतः फ्रेंचमध्ये लिहिणारे मोठे कवी आणि व्याकरणाचे भोक्ते, त्यांच्या सरकारने बंदीचं अधिकृत कारण दिलं ते शुद्धलेखनाचं. सरकारी नियमाप्रमाणे त्या शब्दात 'डी' एकच हवा, सेम्बेनने दोन लावलेत. एक अक्षर काढलं असतं तर वाद मिटला असता, निदान सरकारला दुसरं कारण तरी शोधावं लागलं असतं. हा म्हणाला नाही काढत. वोलोफ बोलणारे दोन 'डी' म्हणतात तर दोनच राहतील. पिक्चर १९७७चा, आणि सेनेगलमध्ये तो लागला सेंघोर पायउतार झाल्यावर काही वर्षांनी. एका अक्षरासाठी स्वतःच्याच देशातला प्रेक्षक इतकी वर्षं गमावायचा, आणि तोही अशा माणसाने ज्याने प्रेक्षकासाठी पुस्तकं बाजूला ठेवली. हट्टीपणा होता का? होता. मला तर अजूनही ठरवता येत नाही की बरोबर केलं की चूक.

'कॅम्प दे थियारॉय'बद्दल लेखात दीड ओळ आहे आणि त्यात सहदिग्दर्शक थिएर्नो फाती सो यांचं नावच नाही, ते चांगलं दिसत नाही. १ डिसेंबर १९४४, डाकारजवळच्या थियारॉय छावणीत जर्मन कैदेतून सुटून आलेले आफ्रिकन सैनिक थकलेला पगार मागत होते, फ्रेंच सैन्याने पहाटे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सेम्बेन त्याच वर्षी त्याच सैन्यात भरती झालेला, हे विसरून हा सिनेमा बघताच येणार नाही. १९८८ मध्ये सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या पैशांवर, फ्रान्सचा एक फ्रँक न घेता तो काढला. त्यात पेई नावाचा एक शिपाई आहे, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आलेला, वाचा गेलेली, डोक्यावर जर्मन हेल्मेट. रात्री पहाऱ्यावर त्यालाच रणगाडे येताना दिसतात. तो धावत जाऊन झोपलेल्यांना उठवतो, हातवारे करतो, घशातून आवाज काढतो, आणि बाकीचे म्हणतात याला परत भास झाला, झोप बाबा. ज्याला दिसलं त्याला बोलता येत नाही. आख्खी हयात लोकांच्या तोंडी भाषा देण्यात घालवलेल्या माणसाने हा सीन लिहिलाय. फ्रान्समध्ये हा सिनेमा कितीतरी वर्षं धड दाखवलाच गेला नाही, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्या घटनेला हत्याकांड हा शब्द वापरला तो थेट २०२४ साली. सेम्बेन जाऊन तोवर सतरा वर्षं झाली होती, तो २००७च्या जूनमध्ये डाकारला वारला.

सगळंच थोर होतं असंही नाही. २००० सालचा 'फात किने' मला स्वतःला जरा लेक्चरबाजी वाटतो, पात्रं एकमेकांशी कमी आणि आपल्याशी जास्त बोलतात. पण पुढे ऐंशी ओलांडल्यावर या गृहस्थाने बुर्किना फासोच्या एका खेड्यात जाऊन 'मूलादे' केला, मुलींच्या सुंतेविरुद्ध, २००४ साली. त्यात गावातले पुरुष बायकांचे रेडिओ गोळा करून मशिदीसमोर ढीग लावून जाळतात, आणि जळणाऱ्या ढिगातले एक-दोन रेडिओ अजून वाजतच असतात. तुमच्या लेखात या पिक्चरच्या पुढे फक्त 'कानमध्ये गौरव' आहे.

असो. लेखकाबद्दल राग नाही, जागा कमी असते हे मलाही कळतं. दोन दुरुस्त्या मात्र पुढच्या पुरवणीत छापाच. एक, शिक्षण फ्रान्समध्ये नाही, मॉस्कोत. आणि दुसरी, चौकटीत चित्रपटांची जी यादी दिलीय त्यात तुम्ही 'चेडो' छापलंय, एकाच ड ने.

आपला,
एक नियमित वाचक