शेतकरी महिलांना आधी हिशेब शिकवा

महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने महिलांसाठी उद्योजकता प्रशिक्षणे झाल्यास स्वागतच आहे. मात्र त्यांत काय शिकवले जाते, हेही पाहिले पाहिजे. पदार्थ करून दाखवणे, पॅकिंगवर एक व्याख्यान आणि प्रमाणपत्रासह छायाचित्र (ते मात्र कधी चुकत नाही), एवढ्यावर बरीच प्रशिक्षणे आटोपतात.

पुण्यातील एका प्रदर्शनात पुरंदरच्या बचत गटातील ताई सीताफळाचा गर विकत होत्या. भाव कसा ठरवला, असे विचारले असता शेजारच्या स्टॉलवर तोच आहे, एवढेच उत्तर मिळाले. फळ घरचे म्हणून त्याची किंमत धरलेली नव्हती, बिया काढत बसलेल्या बायकांची मजुरी धरलेली नव्हती आणि फ्रीझरची वीज घरच्या बिलात मिसळून गेली होती. तेच फळ मार्केट यार्डात कितीला गेले असते, हे घरातील पुरुषांना ठाऊक होते, कारण आडत्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, त्यांच्याच हातात पडते. असा गर सगळा खपला तरी धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे कोण सांगणार?

म्हणून पहिला धडा पट्टी वाचण्याचा, स्वतःच्या मजुरीसह खर्च मांडण्याचा आणि उधारी वसूल करण्याचा असावा. एखाद्या पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेऊन माल कसा उतरतो, प्रतवारीवर भाव कसा बदलतो, हे दाखवावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. पण ते कर्जाशी जोडलेले असल्याने, दुसऱ्याने करून दिलेल्या प्रकल्प अहवालातील आकडे बँकेत समजावून सांगता आले नाहीत तर गाडी तिथेच अडते.

जमिनीचा प्रश्नही टाळता येणार नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत (शेती कसणाऱ्या खातेदारांत) महिला सुमारे 14 टक्केच होत्या. आपल्या राज्यात पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्यासाठी 1992 पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी तलाठ्यांना बोलावून तिचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत, पतीलाही त्या सत्राला बसवावे. वर्ग गावातच, दुपारच्या वेळी ठेवावेत आणि वर्षभराने किती प्रमाणपत्रे वाटली याऐवजी किती जणींच्या हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या आहेत, याची तपासणी कृषी विभागाने करावी.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर, पुणे