पानी पेवानं शे

जळगाव,
रविवार, रात्री

प्रिय बापू,

काय करी ऱ्हायना भाऊ? कापूस वेचायला माणसं मिळाली का? काकांचा गुडघा कसा आहे? मी ठीक. फक्त मेसवरची शेवभाजी म्हणजे लाल पाण्यात भिजलेली शेव. आपल्याकडे पंगतीत अशी वाढली असती तर वऱ्हाडी उठून गेले असते.

तू विचारलंस, शहरातलं विद्यापीठ कसं असतं? शहर कसलं, धुळ्याकडच्या हायवेवर बांभोरीजवळ, गिरणेच्या काठाला आहे ते. आमच्या अप्पांच्या डिग्रीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे, कारण हे वेगळं झालं ते १५ ऑगस्ट १९९० ला. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांची पोरं इथे. नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही, गावानेच मारतात. माझ्या खोलीत एक रावेरवाला आणि एक धडगाववाला. मी अमळनेरवाला. आपलं गाव तालुक्यापासून किती आत आहे, हे कुणाला सांगत बसायचं!

धडगाववाला पावरा आदिवासी आहे, घरात पावरी बोलतो. घरून येताना चांदसैली घाट उतरून नंदुरबार, मग तिथून रेल्वे. पहिल्या दिवशी त्याने पिशवीतून आमचूर काढला, घरच्या अंगणात वाळवलेला. रावेरवाल्याने केळीचे वेफर्स काढले. मी काय काढणार, आईने दिलेला ठेचा काढला.

आता खरं सांगायचं ते सांगतो. दुसऱ्या आठवड्यात धडगाववाला वर्गात म्हणाला, "सर, बस उशिरा आला." सगळे हसले. मीही हसलो. खोलीवर आल्यावरही मी त्याची नक्कल केली. तो काही बोलला नाही, मच्छरदाणी लावून झोपला.

आणि बापू, त्या रात्री मला तू आठवलास. सहावीत तू उठून म्हणाला होतास, "सर, माले पानी पेवाले जानं शे." सरांनी तुला फळ्यापाशी उभं करून ते वाक्य शुद्ध मराठीत दहा वेळा म्हणायला लावलं. घंटा झाली तरी तू पाणी प्यायला गेला नाहीस. तेव्हा वर्ग हसला, एवढंच तुला ठाऊक असेल. मी तुझ्या मागच्याच बाकावर होतो आणि मीही हसत होतो. घरी माझी आई तेच बोलते, तरी.

सकाळी त्याला म्हटलं, चुकलो यार. तो म्हणाला, "तू अहिराणी बोलतो ते मला समजतं. रावेरवाल्याचं समजतं. मराठी, हिंदी येतं. गुजरातीपण येतं, आईबाप ऊसतोडीला जायचे ना तिकडे. माझी बोली तुमच्यापैकी कुणाला येते?" रागाने नाही म्हणाला, दात घासत म्हणाला. आम्ही दोघं गप्प.

रावेरवाल्याला तर जास्तच लागलं. २०१८ पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे ना, तो आल्यागेल्याला सांगत असतो, "तिच्या कविता आमच्या लेवा बोलीतल्या, असोद्याच्या बाईच्या, तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं." त्या दिवशी नाही सांगितलं त्याने.

आता रोज जेवताना धडगाववाला आम्हाला एकेक शब्द शिकवतो. माझ्या तोंडून असा काही उच्चार निघतो की तो पोट धरून हसतो. हसू दे लेकाला. होळीला त्यांच्याकडच्या काठी गावाला घेऊन जाणार आहे आम्हाला. म्हणतो, रात्रभर ढोल वाजतो, पहाटे होळी पेटते, झोपायचं नाही.

त्याआधी थंडीत तू इकडे ये. रावेरवाला बामणोदची वांगी आणणार आहे. भरितासाठी काड्यांवर भाजू, पण ठेचायला लाकडी बडगी नाही. तुमच्या घरची जुनी बडगी-मुसळ घेऊन ये, काकूंना विचारून. आणि सहावीतल्या त्या दिवसाबद्दल मला काय शिव्या घालायच्या त्या आल्यावर घाल. अहिराणीतच घाल.

तुझा,
नाना